पेशवाईतली गोष्ट लिहिताय? जुने कोश असे वापरा

ऐतिहासिक कथेच्या पहिल्या खर्ड्यात एक गोष्ट हमखास दिसते. पानावर ‘जाहला’, ‘खलिता’, ‘मुजरा’ असे शब्द पेरलेले असतात आणि त्याच पानावर पात्र ‘परिस्थिती गंभीर आहे’ म्हणते, ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणते. म्हणजे अंगरखा जुना, पण आतला माणूस आजचा. कोश उघडून आणखी चार जुने शब्द घातले तरी हे सुधारत नाही. म्हणून जुन्या शब्दकोशांचा पहिला उपयोग शब्द घालण्यासाठी करू नका, काढण्यासाठी करा. आजचा शब्द त्या पात्राच्या तोंडून काढून टाकला की पुष्कळ काम आपोआप होते. मग रिकाम्या झालेल्या जागी काय बसवायचे, हा दुसरा प्रश्न.

हे सगळे करायला पुण्यासारखे गाव नाही. काही कोश इथेच झाले, कागद इथेच आहेत आणि बहुतेक जागा एकमेकींपासून फार लांब नाहीत.

आधी साल, मग शब्द

‘पेशवाईतली गोष्ट’ एवढ्यावर काम सुरू करू नका. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. मधली एकशेपाच वर्षे म्हणजे चार-पाच पिढ्या. एका कागदावर चार गोष्टी लिहा: साल, गाव किंवा पेठ, बोलणारा कोण, आणि तो कोणाशी बोलतोय. पुढचा प्रत्येक शब्द या चार गोष्टींशी ताडून पाहायचा आहे.

पुण्याचेच उदाहरण घ्या. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. तुमची गोष्ट १७२५ मधली असेल तर वाडा नाही. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाने, पानिपतानंतर, थोरल्या माधवरावांच्या काळात वसली. तेव्हा थोरल्या बाजीरावाच्या कारकिर्दीतले तुमचे पात्र सदाशिव पेठेत राहू शकत नाही. नाना पेठ तर नाना फडणिसांची. वारांची नावे लाभण्यापूर्वी काही पेठांना वेगळी नावे होती. रविवार पेठ म्हणजे आधीचे मलकापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. अशी चूक कोश पकडत नाही, ती साल पकडते. म्हणून साल आधी.

कोणता कोश कशासाठी

एकाच कोशावर विसंबू नका. प्रत्येकाचा काळ वेगळा आणि बलस्थान वेगळे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये पहिल्यांदा आला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. उत्तर पेशवाईसाठी यासारखे साधन नाही. पेशवाई संपून तेरा वर्षे झाली होती, जिवंत बोली ऐकून शब्द टिपलेले आहेत, त्यामुळे १८३१ मध्ये कोशात असलेला रोजचा शब्द १८०० च्या सुमारास बोलला जात असण्याची शक्यता दाट असते. मात्र आज सर्वत्र दिसते ती दुसरी आवृत्ती, आणि १८३१ ते १८५७ या काळात शाळा, छापखाने, सरकारी कचेऱ्या यांचे नवे शब्द मराठीत आले होते. तेव्हा शाळा-कचेरीशी संबंध असलेला शब्द तिथे सापडला म्हणून लगेच पेशवाईत नेऊ नका. उलट बाजूही लक्षात ठेवा. हा कोश मुख्यतः शास्त्रीमंडळींच्या मदतीने झाला. मांग, कोळी, कुणबी बायका, कारागीर यांचे शब्द त्यात तुटपुंजे आहेत. शब्द मोल्सवर्थमध्ये नाही म्हणजे तो नव्हताच, असे होत नाही.

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पुण्यातच झाला. १९३२ ते १९३८ या काळात सात विभाग आले, पुरवणी विभाग १९५० चा. लेखकासाठी याचे मोल वेगळेच आहे, कारण अर्थाबरोबर तो उतारा देतो. ज्ञानेश्वरीतली ओवी, दासबोधातली समास-ओवी, मोरोपंतांची आर्या, बखरीतले वाक्य. उतारा मिळाला की शब्दाला साल मिळते. याच संपादकांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत आहे; संवाद लिहिताना तो शब्दकोशापेक्षाही जास्त उपयोगी पडतो, कारण माणसे सुट्या शब्दांत बोलत नाहीत.

फारसी-अरबी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५). पेशवाई कागद वाचताना तो जवळ हवाच. यादवकाळासाठी शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) आहे. त्यात साधारण १३५० पर्यंतची मराठी येते, अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत.

आणि नवोदितांना सहसा माहीत नसलेले एक साधन: मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश, १८४७ चा. डोक्यात आजची कल्पना आहे, तिच्यासाठी तेव्हाचा शब्द हवा आहे, अशा वेळी मराठी-इंग्रजी कोशात शोधायचे काय? इथे उलटा रस्ता मिळतो. इंग्रजी शब्द काढा, त्यापुढे १८४७ मध्ये चालणारे पाच-सात-दहा मराठी शब्द ओळीने दिलेले असतात. ते सगळे वहीत उतरवा आणि मग एकेक शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात उलटा तपासा. हा उलटा तपास टाळू नका. यादीतले दोन शब्द घरगुती असतात, दोन पंडिती, एखादा शिवराळ. फरक उलट्या नोंदीतच कळतो.

बरेचसे कोश फुकट पाहता येतात. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस शोधता येतात. छापील प्रती पाहायच्या तर सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०), नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय, विद्यापीठातले जयकर ग्रंथालय. जाण्यापूर्वी फोन करून वेळ आणि सभासदत्वाचे नियम विचारून घ्या. अप्पा बळवंत चौकात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सुटे विभाग अधूनमधून मिळतात, पण विकत घेण्याआधी पाने मोजा. संक्षेपांची यादी असलेली सुरुवातीची पाने फाटलेली असतील तर तो विभाग निम्माच कामाचा.

शोधताना शब्द सापडत नाही, तेव्हा

संगणकावर ‘करणे’ टाइप केले आणि काही आले नाही, म्हणून लोक कोश बंद करतात. तिथे शब्द ‘करणें’ असा आहे. मोल्सवर्थ काय किंवा दाते-कर्वे काय, दोन्ही जुन्या लेखनाचे. सगळी क्रियापदे अनुस्वारासकट: जाणें, बसणें, सांगणें. आज आपण ‘कवी’, ‘मिती’, ‘गुरू’ असे शेवटचे अक्षर दीर्घ लिहितो ते १९६२ च्या नियमांमुळे. जुन्या कोशात ‘कवि’, ‘मिति’, ‘गुरु’ शोधा. जुन्या छपाईत ‘म्हणून’च्या जागी ‘ह्मणून’ दिसेल. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘कीं’ ही रूपेही अशीच. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही कोशांत ‘क’ व ‘ज’ खाली असतात, काहींत अगदी शेवटी. चारही तऱ्हांनी शोधून सापडला नाही, तरच ‘नाही’ म्हणा.

नोंद सापडल्यावर पहिला अर्थ वाचून पान मिटू नका. दाते-कर्व्यांच्या नोंदीत आधी शब्द, मग लिंग किंवा शब्दजाती, मग क्रमांक घातलेले अर्थ, त्यांच्यामागे उतारे आणि ग्रंथांचे संक्षेप येतात. ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा.’ म्हणजे दासबोध. पुढे वाक्प्रचार, म्हणी, मग ‘सामाशब्द’ (म्हणजे जोडशब्द) आणि शेवटी चौकटी कंसात मूळ: [सं.], [फा.], [अर.]. अर्थाच्या आधी ‘(कों.)’, ‘(व.)’, ‘(गो.)’, ‘(कु.)’ अशा खुणा असतील तर थांबा. तो शब्द कोकणातला, वऱ्हाडातला, गोव्याकडचा किंवा कुडाळी आहे. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबटाच्या तोंडी वऱ्हाडी शब्द पडला, तर तो जुना वाटेल पण खोटा वाटेल. संक्षेपांच्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दर वेळी पहिला विभाग काढावा लागणार नाही.

ज्ञानेश्वरीच्या उताऱ्याबाबत एक सावधगिरी. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे इ.स. १२९० चा, पण एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) त्याची प्रत शुद्ध केली. मुक्ताईच्या काळातली गोष्ट लिहिताना एखादे रूप तेव्हाचेच आहे का, याची खात्री तुळपुळे-फेल्डहाउस कोशावरून करून घ्या.

एक परिच्छेद, शब्दाला शब्द लावून

समजा, गोष्ट १७७४ च्या पुण्यातली आहे. पहिला खर्डा असा:

‘बापूजी सकाळी सात वाजता वाड्याच्या कार्यालयात पोहोचला. दोन महिन्यांचा पगार थकला होता आणि घरची आर्थिक परिस्थिती गंभीर झाली होती. “पाच मिनिटं थांबा,” कारकून म्हणाला. बापूजीच्या मनावर ताण आला. अर्जावर दिनांक लिहिला आहे की नाही, हे त्याने तपासले.’

वाचायला चुकीचे काही वाटत नाही, आणि तीच अडचण आहे. आता एकेक शब्द धरा.

‘सात वाजता’. तेव्हाचा दिवस घटकांनी मोजला जाई. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, साठ घटकांचा अहोरात्र, तीन तासांचा एक प्रहर. सूर्योदय सहाला धरला तर सात म्हणजे अडीच घटका. म्हणजे ‘दोन-अडीच घटका दिवस चढला तेव्हा’. ‘पाच मिनिटं’ही त्याच न्यायाने जातात, ‘घटकाभर बसा’ येते, आणि ते कारकुनाच्या तोंडी जास्त शोभते, कारण घटका म्हणजे पाच मिनिटे नव्हेत. ताटकळणे त्या शब्दातच आले.

‘कार्यालय’ या जागी कचेरी, दफ्तर, फड असे शब्द निघतात. त्यातला ‘फड’ निवडण्यासारखा. फडणीस या शब्दात तो वाचकाने रोज पाहिलेला असतो, त्यामुळे अडत नाही.

‘पगार’ पोर्तुगीजांकडून आलेला, तसेच चावी, घमेले, लिलाव. किनाऱ्यावर तो शब्द असेलही, पण पुण्याच्या लष्करी हिशेबासाठी रोजमुरा, मुशाहिरा, तैनात हे शब्द हाताशी असताना त्याच्या वाटेला जायचे कारण नाही.

‘आर्थिक परिस्थिती गंभीर’ या तिन्ही शब्दांना त्या काळात पर्याय शोधत बसू नका. हा विचारच वर्तमानपत्री आहे. पेशवाई पत्रांत ‘खर्चाची ओढ’ असते. शिपायाच्या घरी त्याहून साधे काहीतरी होते: वाण्याने उधार बंद केले. अमूर्त नाम आले की तिथे काय घडले ते विचारा. निम्म्या वेळा कोशाची गरजच उरत नाही.

‘मनावर ताण’ काढून ‘जिवाला घोर लागला’. ‘अर्ज’ राहू द्या, तो अरबीतून आलेला जुना शब्द आहे. पण ‘दिनांक’ काढाच. दिनांक, क्रमांक, महापौर ही सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळलेली नावे, विसाव्या शतकातली. पेशवाईत ‘मिती’ किंवा ‘तारीख’.

शेवटी शब्दाबाहेरचा एक प्रश्न. बापूजी शिपाई असेल तर त्याला वाचता येते का? कागद मोडीत असणार. येत नसेल तर तो मिती तपासणार नाही, घडी तपासेल.

‘दोन घटका दिवस चढला तेव्हा बापूजी फडावर येऊन बसला. दोन महिन्यांचा रोजमुरा थकला होता. वाण्याने परवापासून उधार बंद केले होते. “घटकाभर बसा,” कारकून मान वर न करता म्हणाला. बापूजीच्या जिवाला घोर लागला. मिती घातलीय ना, म्हणून त्याने अर्ज लिहून देणाऱ्याला दोनदा विचारले होते. आता त्याने कागदाची घडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.’

मोजून पाहा. आज न वापरला जाणारा शब्द फड आणि रोजमुरा, एवढेच. बाकी सगळे आजचे मराठी आहे. ‘जाहला’ कुठेच नाही आणि गरजही नाही.

संस्कृत दिसते म्हणून जुने नसते

यात भलेभले फसतात. जुना काळ म्हटला की हात आपोआप संस्कृत शब्दांकडे जातो आणि फारसी शब्द ‘परके’ म्हणून टाळला जातो. पेशवाई दफ्तरात चित्र उलटे आहे. कारकून, दफ्तर, फौज, रवानगी, जामीन, तगादा, शिफारस हे तिथले रोजचे शब्द. त्याउलट वातावरण, भूमिका, प्रतिक्रिया, व्यक्तिमत्त्व, दृष्टिकोन हे शब्द आज ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ त्यांना इंग्रजी अमदानीत, भाषांतरांतून आला. १७७० मधल्या ब्राह्मण मुत्सद्द्याच्या तोंडी ‘माझी भूमिका स्पष्ट आहे’ घालण्यापेक्षा ‘आमचा मजकूर इतकाच’ जास्त बरोबर.

इथे कोणी राजव्यवहारकोशाचा दाखला देईल. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी केलेला तो कोश दहा वर्गांचा. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत, हा त्याचा हेतू. तो कोश काय बोलले जावे ते सांगतो, काय बोलले जात होते ते नव्हे. म्हणून लेखकाने तो उलटा वाचावा. ज्या फारसी शब्दाला प्रतिशब्द द्यावा लागला, तो चालू होता एवढे नक्की. पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बाजीरावाच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ आहे, आणि इतिहासाला तो ठाऊक आहे पेशवा म्हणून. शिक्का, फर्मान, प्रशस्ती लिहायची असेल तर संस्कृत वळण घ्या. फडावरचे, छावणीतले, बाजारातले बोलणे लिहायचे असेल तर मिश्र मराठी.

शब्द तोच, अर्थ दुसरा

काही शब्द आजही आहेत, म्हणून आपण ते तपासतच नाही. पुण्यातला दारूवाला पूल घ्या. ही दारू पिण्याची नव्हे, तोफांची आणि आतषबाजीची. ‘दारूखाना’ म्हणजे गुत्ता नाही. फरासखाना म्हटल्यावर आज पोलीस ठाणे आठवते. पेशव्यांचा फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, जाजमे, गालिचे सांभाळणारे खाते. ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, हा अर्थ नंतरचा. जुन्या वादांच्या कागदांत राजीनामा म्हणजे ‘निवाडा होईल तो आम्हांस मान्य’ असे राजीखुशीने लिहून देणे. ‘शिक्षा’ या शब्दात दंडाबरोबर शिकवणेही होते.

बरोबर शब्दही कधी घात करतो, हे ‘कारखाना’ या शब्दावरून कळेल. पेशवाईत पीलखाना (हत्ती), उष्टरखाना (उंट), शिलेखाना (शस्त्रे), मुदपाकखाना (स्वयंपाक) असे अठरा कारखाने म्हणजे सरकारी खाती आणि कोठ्या. पण ‘तो कारखान्यात कामाला होता’ असे लिहिले की आजच्या वाचकाला धुराडे दिसते, भोंगा ऐकू येतो. इतिहासाच्या दृष्टीने शब्द अचूक, चित्र चुकीचे. अशा वेळी सामान्य शब्द सोडा आणि नेमका घ्या: ‘तो उष्टरखान्यात उंटांना पाला घाली.’ उंट दिसले की खात्याचे नाव समजावून सांगावे लागत नाही.

असेच स्वयंपाकघर तपासा. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, म्हणून ज्ञानेश्वरांच्या काळातल्या फोडणीत मिरी घाला. बटाटा, टोमॅटो, चहा पेशवाईतल्या साध्या घरात नको. मापे शेर, पायली, मण, खंडी: चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पात्राने बाजारातून ‘एक खंडी तांदूळ’ डोक्यावरून आणले, अशी वाक्ये छापून आलेली आहेत.

कागद वाचायला सुरुवात

कोशातून शब्द मिळतो, तो वाक्यात कसा बसतो ते पत्रांतून कळते. मोडी येत नसेल तरी अडत नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आणि सरदेसायांनी १९३० नंतर संपादून काढलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग देवनागरीत छापलेले आहेत. तुमच्या सालाच्या आसपासची वीस पत्रे निवडा, रोज दोन, मोठ्याने वाचा. दहा दिवसांत कानाला वळण पडते.

पत्रावर मिती असते ती वाचता यायला हवी. शक वर्षात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. सुहूर किंवा अरबी सन अक्षरांत आणि एकं आधी लिहिलेला असतो. एकं: इहिदे, इसने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. दहं: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे साल मृगापासून मृगापर्यंत चालते. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ११६१ अधिक ६००. बरोबर जुळते. महिना आणि ‘छ’ नंतरचा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख, यांच्यासाठी जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ देणारे कोष्टक, पाहावी लागते.

कथेत पत्र घालायचे असेल तर मायना पूर्ण घालू नका. ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष’ अशी एक ओळ, आणि मग थेट मजकूर. ‘विशेष’ नंतर खरे बोलणे सुरू होते, तिथेच वाचक जागा होतो. शेवट नात्यावर ठरतो. बरोबरीच्याला ‘लोभ असो द्यावा, हे विनंती’, धाकट्याला ‘हे आशीर्वाद’, हाताखालच्याला ‘जाणिजे’. हे तीन शेवट उलटसुलट झाले तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो, आणि त्याचे बरोबर असते.

पत्रांची भाषा ही लिहिणाऱ्यांची भाषा आहे, हे मात्र विसरू नका. चिटणीस आणि कारकून जसे लिहीत, तशी कुणबीण बोलत नसे. तिच्या बोलण्यासाठी दुसरीकडे जावे लागते. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या कामात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत. त्या विसाव्या शतकाच्या शेवटी ऐकून टिपलेल्या, म्हणून एखादा शब्द जसाच्या तसा १७७४ मध्ये नेऊ नका. पण भाऊ, सासर, माहेर, पाऊस यांविषयी बाई कशी बोलते, कुठे थांबते, कशाला हाक मारते, ते तिथेच मिळते. महानुभावांचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या बोलत्या गद्यासाठी असेच जवळचे. गोतसभांचे (गावच्या न्यायसभांचे) महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, आणि साक्षीजबान्या याही पाहा, साक्षीदाराचे म्हणणे कधी कधी त्याच्याच शब्दांत उतरलेले असते.

शब्दवही

शंभर पानी वही पुरते. संगणकावर केली तरी चालेल, पण रकाने हे ठेवा: शब्द, अर्थ, कुठे सापडला (पानासकट), त्याचे सर्वात जुने साल, त्याच्याबरोबर येणारे क्रियापद, आणि कोणाच्या तोंडी. पाचवा रकाना लोक गाळतात आणि तिथेच पस्तावतात. मोर्चा ‘काढणे’ आजचे. जुन्या लढाईत मोर्चे ‘लावतात’ किंवा ‘बांधतात’. अर्ज ‘करतात’. शब्द जुना आणि क्रियापद आजचे, म्हणजे ठिगळ लांबून दिसते.

कथेला तीस-चाळीस शब्द खूप होतात, कादंबरीला दीडशे-दोनशे. प्रत्यक्ष पानावर, म्हणजे अडीचशे शब्दांत, चार-सहा जुने शब्द आणि त्यातले वाचकाला अगदी नवे दोनच, हे प्रमाण धरा. नवा शब्द कृतीला टेकवून ठेवा. ‘फरासांनी जाजम उलगडले, कनाती ओढल्या’ यातून फरास कळतो. ‘फरास, म्हणजे तंबू-गालिचे सांभाळणारा नोकर, आला’ हे वाक्य कथेचे नाही, टिपणीचे आहे. आणि एकदा रोजमुरा लिहिले की पुढे रोजमुराच. चव म्हणून एकदा मुशाहिरा, एकदा तैनात, असे केले तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी समजतो.

जातींविषयी आणि बायकांविषयीच्या नोंदी जपून हाताळा. जुन्या कोशकारांचे पूर्वग्रह दिलेल्या अर्थांमध्ये मिसळलेले असतात, हेटाळणीचा शब्द साधा शब्द म्हणून दिलेला असतो. असा शब्द पात्राच्या तोंडी येणे कथेला आवश्यक असेल तर येऊ द्या, निवेदकाच्या तोंडी तो कधीही येऊ नये.

खर्डा झाला की संवाद तेवढे मोठ्याने वाचून घ्या, शक्यतो दुसऱ्याकडून. जिथे वाचणारा अडखळतो तिथे शब्द जड आहे. जिथे तो नाटकी आवाज काढू लागतो तिथे जुनेपणा जास्त झाला आहे. दोन्ही ठिकाणी खूण करा आणि वहीत परत जा.

मजकूर छपाईला देताना शब्दवहीची एक प्रत सोबत द्या. मुद्रितशोधकाचे काम चूक दिसली की दुरुस्त करणे हे आहे. त्याला कोणी सांगितले नाही तर ‘फडावर’चे तो ‘फळ्यावर’ करील, पत्रातले ‘जाणोन’ ‘जाणून’ होईल आणि ‘उष्टरखाना’ ‘उष्टेखाना’ म्हणून छापला जाईल. पत्रांच्या मजकुराला समासात रेघ ओढून ‘जसेच्या तसे’ लिहा आणि पहिले मुद्रित स्वतः तपासा.